रानअजमोदा : गाजर-धन्याच्या कुळातले वर्षायू तण कसे ओळखावे?

गाजर, कोथिंबीर, ओवा, शेपू किंवा बडीशेपेच्या वाफ्यात पिकाच्या जोडीनेच एक बारीक पानांचे रोप उगवते. सुरुवातीला ते पीकच वाटते. खुरपणाऱ्या बायकाही ते सोडून पुढे जातात, कारण पान चुरगळले तर वासही पिकाच्या जवळचाच येतो. महिना-दीड महिन्याने त्याला पांढऱ्या, टाचणीच्या डोक्याएवढ्या फुलांच्या छोट्या छत्र्या येतात आणि मग लक्षात येते, की हे आपण पेरलेले नाही. तोपर्यंत खालच्या छत्र्यांत दाणे भरायला लागलेले असतात.

या तणाचे शास्त्रीय नाव सायक्लोस्पर्मम लेप्टोफायलम. मराठीत त्याला सगळीकडे चालेल असे एकच नाव नाही, म्हणून या लेखापुरते त्याला रानअजमोदा म्हणू. हे नाव निवडण्यामागे कारण आहे, ते पुढे येईलच. ते मूळचे दक्षिण अमेरिकेतले. आज भारत, चीन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा उष्ण आणि समशीतोष्ण प्रदेशांत ते स्थायिक झाले आहे. आपल्याकडे ते हिरवळीत (लॉन), रोपवाटिकेत, पाटाच्या कडेला, ओलिताच्या भाजीपाल्यात आणि रब्बी पिकांच्या बांधालगत सापडते.

दिसायला हे तण नाजूक आहे. गव्हात किंवा उसात ते फार मोठे नुकसान करते असे म्हणता येणार नाही. अडचण होते ती त्याच्या स्वतःच्या भावकीत. गाजरकुळातल्या पिकात उगवलेल्या गाजरकुळातल्या तणाला तणनाशक सहजासहजी वेगळे काढत नाही आणि काही पिकांत चाळणीही काढत नाही. तिथे माणसाच्या नजरेवरच भिस्त असते, आणि ती नजर तयार व्हायला या रोपाची रचना नीट माहीत हवी.

आधी कूळ समजून घ्या

गाजर, धने, जिरे, ओवा, बडीशेप, शेपू, सेलरी आणि हिंग ही सगळी एकाच कुळातली झाडे. शास्त्रीय भाषेत एपिएसी. जुन्या पुस्तकांत अंबेलिफेरी हे नाव दिसेल. दोन्ही एकच. अंबेलिफेरी म्हणजे छत्री धारण करणारी. आपल्या वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या फुलोऱ्याला चामरकल्प म्हणतात. एका बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे दांडे निघतात. बहुतेक जातींत प्रत्येक दांड्याच्या टोकाला पुन्हा एक लहान छत्री असते आणि फुले त्या लहान छत्रीवर असतात. शेपूचे झाड फुलावर आले, की हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

इथे एक गोंधळ दूर करायला हवा. आपण ज्याला गाजर गवत किंवा काँग्रेस गवत म्हणतो, त्याचा गाजराशी काहीही संबंध नाही. पार्थेनियम हे सूर्यफुलाच्या कुळातले. पुण्यात १९५५ च्या सुमारास त्याची नोंद झाली आणि मग ते देशभर पसरले. पान गाजरासारखे कातरलेले म्हणून नाव पडले, एवढेच. पार्थेनियमची फुले छत्रीत नसतात. फांद्यांच्या टोकांना पांढरे छोटे गेंद असतात आणि रोप केसाळ, खरखरीत असते. रानअजमोदा पूर्ण गुळगुळीत. ‘गाजर गवत आले आहे’ असा निरोप शेतावरून आला, तर कृषी सहायकाने पहिल्यांदा हाच प्रश्न विचारावा, की हात लावल्यावर खरखरीत लागते की गुळगुळीत.

या कुळातल्या झाडांची आणखी तीन लक्षणे शेतात उपयोगी पडतात. पानाच्या देठाचे बूड खोडाला म्यानासारखे वेढून असते. खोडावर उभ्या रेघा असतात आणि बऱ्याच जातींत ते आतून पोकळ असते. तिसरे लक्षण म्हणजे फळ. त्यावर थोडे थांबून बोलायला हवे.

आपण ‘बी’ म्हणतो ते खरे तर फळ

धने पेरण्यापूर्वी आपण ते चोळून दोन फोडी करतो. ही पद्धत घराघरांत चालत आली आहे. तिच्यामागचे शास्त्र असे. गाजरकुळातल्या प्रत्येक फुलाच्या तळाशी दोन कप्प्यांचा बीजकोश असतो आणि प्रत्येक कप्प्यात एक बी तयार होते. पिकल्यावर फळाचे दोन भाग होतात. या भागांना फलांश म्हणतात. ओवा, जिरे, बडीशेप यांचा आपल्या हातातला एकेक दाणा बहुधा असा फलांश असतो. धन्याचे दोन भाग मात्र आपोआप सुटत नाहीत, म्हणून ते चोळून फोडावे लागतात. न फोडता पेरले तर एका ठिकाणी दोन रोपे येतात.

फलांशाच्या पाठीवर पाच उभ्या कडा असतात. कडांच्या मधल्या खाचांखाली तेलाच्या बारीक नळ्या असतात. ओव्याचा झणका, जिऱ्याचा वास, शेपूचा दरवळ हे सगळे मुख्यतः या तैलनळ्यांतून येते. कडा जाड की बारीक, त्यांवर केस आहेत की काटे की काहीच नाही, यावरून या कुळातल्या जाती वेगळ्या ओळखतात. पानांवरून तज्ज्ञही चकतात. फळावरून चुकण्याची शक्यता फार कमी. म्हणून फळे आलेली किमान चार-पाच झाडे दहा पट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली एकदा तरी पाहावीत, असा माझा आग्रह असतो. असे भिंग स्वस्तात मिळते.

रानअजमोद्याची अंगलट

मूळ सोटमूळ, पण बारीक. गाजर हे मुळात दोन वर्षांचे झाड आहे. पहिल्या हंगामात ते मुळात अन्न साठवते आणि थंडी खाल्ल्यावर फुलावर येते. रानअजमोदा वर्षायू आहे. साठवणुकीच्या भानगडीत तो पडत नाही. जे कमावतो ते थेट दाण्यात घालतो. म्हणून उपटल्यावर मूळ सुतळीसारखे बारीक निघते. खायच्या गाजराच्या वाफ्यात ही सर्वांत सोपी पारख. शंका असलेली दोन रोपे उपटून पाहा. त्याच वयाच्या गाजराचे मूळ फुगायला लागलेले असेल, तर याचे नाही.

उंची साधारण २५ ते ४५ सेंटिमीटर. पाणी आणि खत मिळाले तर ६० पर्यंत. हिरवळीत सतत कापणी होत असेल तर बोटभर उंचीवरही ते फुलते, आणि म्हणूनच तिथे टिकते. बुडापासून फांद्या फुटतात, खोड सडपातळ, रेघारेघांचे, बिनकेसाचे.

पाने तीन-चार वेळा विभागलेली असतात. बुडाच्या पानांचे तुकडे थोडे रुंद असतात. वर जावे तसे ते दोऱ्यासारखे बारीक होत जातात. लेप्टोफायलम या शब्दाचा अर्थच बारीक पानांचे असा आहे. सायक्लोस्पर्मम म्हणजे गोल बियांचे. हे दोन शब्द लक्षात ठेवले, की निम्मी ओळख झाली.

आता सर्वांत महत्त्वाची खूण. ओवा, कोथिंबीर, गाजर यांची छत्री लांब दांड्यावर उंच धरलेली असते. रानअजमोद्याच्या छत्रीला दांडा नसतो किंवा असून नसल्यासारखा असतो. पेऱ्यापाशी, पानाच्या समोरच्या बाजूने, दोन-तीन काड्या थेट खोडातूनच फुटल्यासारख्या दिसतात. काड्या फार तर पाच. प्रत्येक काडीच्या टोकाला लहान छत्री आणि तिच्यात पाच-सातपासून वीसएकपर्यंत फुले. मोठ्या छत्रीच्या बुडाशी हिरवी सहपत्रे नाहीत, लहान छत्रीच्या बुडाशीही नाहीत. सगळे उघडे.

फूल इतके लहान, की नुसत्या डोळ्यांना पांढरा ठिपका दिसतो. पाच पाकळ्या, पाच पुंकेसर, निदले जवळजवळ नाहीतच. फळ दीड ते तीन मिलिमीटर लांब, अंडाकृती ते गोल. त्यावरच्या कडा जाड, बुचासारख्या, आणि पृष्ठभाग गुळगुळीत. कडा जाड असल्यामुळे मधल्या खाचा अगदी अरुंद दिसतात. हिरवे फळ चावले तर जीभ किंचित चुरचुरते, पण अनोळखी रानरोप चावून ओळखायची सवय लावू नका. याचे कारण पुढे दिले आहे.

भावकीतून वेगळे कसे काढाल?

गाजराशी तुलना सोपी आहे. गाजराच्या देठावर आणि पानावर बारीक केस असतात. उन्हाकडे धरून तिरपे पाहिले तर दिसतात. बीजोत्पादनाच्या गाजरात तर प्रश्नच नाही, कारण गाजराच्या छत्रीखाली लांब, फाटे फुटलेली हिरवी सहपत्रे असतात आणि फळावर काटेरी केस असतात.

कोथिंबिरीत गोंधळ उशिरा होतो. कोथिंबिरीची सुरुवातीची पाने रुंद, पंख्यासारखी. ती फुलावर यायला लागली, की वरची पाने दोऱ्यासारखी होतात आणि नेमकी त्या वेळी ती रानअजमोद्यासारखी दिसतात. तेव्हा बुडाकडे पाहा. बुडाशी एक तरी रुंद पान किंवा त्याचा वाळका अवशेष असेल तर कोथिंबीर. शिवाय कोथिंबिरीच्या छत्रीतल्या कडेच्या फुलांच्या बाहेरच्या पाकळ्या मोठ्या असतात. रानअजमोद्याच्या सगळ्या पाकळ्या सारख्या.

शेपू आणि बडीशेप यांची फुले पिवळी, पानांवर निळसर झाक आणि वास ओळखीचा. फुलावर आल्यावर चूक होणे कठीण. कोवळेपणी मात्र शेपूच्या वाफ्यात चूक होते, आणि पालेभाजी म्हणून जुडी बांधताना रानअजमोदा त्यात जातो.

खरी परीक्षा ओव्यात. ओव्याची पाने तशीच बारीक, फुले तशीच पांढरी, दाणा साधारण त्याच मापाचा. इथे दोन गोष्टी पाहाव्यात. ओव्याच्या छत्रीला दांडा असतो, काड्या जास्त असतात आणि खाली बारीक सहपत्रे असतात. ओव्याच्या फळावर भिंगातून बारीक पुटकुळ्या दिसतात, त्यामुळे दाणा खरखरीत लागतो. रानअजमोद्याचा दाणा गुळगुळीत. जिऱ्याचे म्हणाल तर दाणा लांबट आणि केसाळ, त्यामुळे तयार मालात फरक चटकन दिसतो.

सेलरी जवळची नातेवाईक आहे. तिच्याही छत्र्यांना दांडा आखूड असतो, त्यामुळे केवळ या एका खुणेवर विसंबू नका. सेलरीची पाने मात्र कोथिंबिरीसारखी रुंद तुकड्यांची आणि देठ जाड, मांसल. पूर्वी रानअजमोद्याला सेलरीच्याच प्रजातीत धरत. एपियम लेप्टोफायलम हे त्याचे जुने नाव आजही अनेक तण-याद्यांत आणि औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत दिसते. पर्सून या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले ते पिंपिनेला या प्रजातीत. विस्तार कार्यकर्त्यांनी माहिती शोधताना तिन्ही नावांनी शोधावे, नाहीतर निम्मी माहिती हाताला लागत नाही.

अजमोदा या नावाचा घोळ

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात अजमोदा या नावाखाली याच वनस्पतीची, म्हणजे एपियम लेप्टोफायलमची, वाळलेली फळे नोंदवलेली आहेत. म्हणजे जे एका शेतात तण, तेच दुसरीकडे औषधी माल. दुसरीकडे सेलरीच्या बियांनाही अजमोदा म्हणतात. आणि ट्रॅकिस्पर्मम रॉक्सबर्घियानम ही ओव्याची सख्खी बहीण, बंगाली स्वयंपाकात राधुनी म्हणून वापरतात ती, तिलाही अजमोदाच म्हणतात. एका नावाचे तीन माल बाजारात फिरतात.

अजमोदा हे नाव चरकसंहितेत आहे. रानअजमोदा तर दक्षिण अमेरिकेतून आलेला. समुद्रमार्गे त्या खंडाशी संबंध येण्यापूर्वी तो इथे असणे शक्य दिसत नाही. तेव्हा चरकांना अभिप्रेत असलेली वनस्पती ही नव्हे, असेच मानावे लागते. जुन्या नावाखाली नंतर आलेली सारख्या वासाची वनस्पती रुळली. अशी उदाहरणे आपल्याकडे कमी नाहीत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने यात दोन मुद्दे आहेत. कोणी ‘अजमोदा लावा, खरेदीची हमी देतो’ असे सांगत आले, तर करारात शास्त्रीय नाव लिहून घ्या आणि बियाण्याचा नमुना स्वतःकडे ठेवा. सेलरीचे बी पेरून एपियम लेप्टोफायलमच्या खरेदीदाराकडे गेलात तर माल परत येईल, आणि उलटही तसेच. दुसरा मुद्दा असा, की भाजीपाल्यातून उपटलेले तण औषधी माल म्हणून विकण्याचा मोह टाळा. त्या पिकावर ज्या फवारण्या झाल्या, त्या या तणावरही झालेल्या असतात.

ते पसरते कसे?

या दाण्याला ना काटे, ना पंख, ना गर. गाजराची फळे कपड्याला चिकटतात, याची नाहीत. वाऱ्याने फार लांब जाईल असेही काही त्याच्याकडे नाही. तरीही ते एका खंडातून दुसऱ्या खंडात पोचले, ते माणसाच्या हातून. बियाण्यातून, कुंडीच्या मातीतून, हिरवळीच्या गालिच्यांतून, पाटाच्या पाण्यातून, अवजारांना चिकटलेल्या चिखलातून.

उत्पादनाचा अंदाज यावा म्हणून साधा हिशोब करू. समजा एका छत्रीत तीन काड्या आणि प्रत्येक काडीवर दहा फुले. म्हणजे ३० फुले आणि प्रत्येकी दोन याप्रमाणे ६० दाणे. एका रोपावर अशा ४० छत्र्या धरल्या तर २,४०० दाणे. खालच्या छत्र्या पिकत असताना वरच्या फुलत असतात, त्यामुळे दाणे एकदम न पडता आठवडेच्या आठवडे गळत राहतात. म्हणून ‘पीक काढताना तणही निघेल’ हा हिशोब इथे चुकतो. पीक निघेपर्यंत बरेच दाणे जमिनीत गेलेले असतात.

गाजरकुळातल्या बियांत अंकुर (भ्रूण) फार छोटा असतो. पाणी मिळाल्यावर तो आधी बीच्या आतच वाढतो आणि मग बाहेर पडतो. गाजर उगवायला दहा-पंधरा दिवस घेते त्याचे हे एक कारण. तण आणि पीक दोघेही संथ, त्यामुळे इतर तणे वर येऊन जातात, ती आपण खुरपतो, आणि हे भाऊबंद मागाहून जोडीने उगवतात. दाणा बारीक असल्याने खोल गाडला गेला तर त्याला वर येण्याइतकी शिदोरी नसते. बहुतेक रोपे वरच्या थरातल्या दाण्यांतूनच येतात. नियंत्रणाची पद्धत ठरवताना याचा उपयोग होतो.

नियंत्रण : काय चालते, काय चालत नाही

निवडक तणनाशक काम करते ते पीक आणि तण यांच्यातल्या फरकावर. गाजर आणि कोथिंबीर यांना पेंडीमेथॅलिनसारखे उगवणपूर्व तणनाशक सहन होते, म्हणून ते तिथे वापरता येते. पण जे पिकाला सोसते ते पिकाच्या नातेवाइकालाही सोसण्याची शक्यता असते. म्हणून गाजरकुळातल्या पिकात या तणासाठी फवारणीवर भरवसा ठेवू नये. ‘मात्रा थोडी वाढवून पाहू’ हा विचार तर अजिबात नको. आधी पीक भाजेल आणि तण राहील. कोणतेही तणनाशक घेताना त्या पिकासाठी लेबल क्लेम आहे का, हे पाहूनच घ्या.

गहू, मका यांत परिस्थिती सोपी. पीक गवतवर्गीय, तण रुंद पानांच्या गटातले (पान दोऱ्यासारखे दिसत असले तरी गट तोच). तिथे शिफारशीत निवडक पर्याय आहेत. मात्र शेजारी द्राक्षबाग, टोमॅटो किंवा कापूस असेल तर २,४-डी गटातल्या तणनाशकापासून लांब राहा. वाऱ्याबरोबर गेलेला फवाराही या पिकांची पाने वेडीवाकडी करतो. शेजाऱ्याशी वाद ओढवून घेण्याइतके हे तण मोठे नाही.

माझ्या मते सर्वांत परवडणारा उपाय पेरणीपूर्वीचा आहे. वाफे तयार करून हलके पाणी द्या आणि दोन-तीन आठवडे थांबा. वरच्या थरातली तणे उगवतील. वाफसा आल्यावर उथळ कोळपणी करून किंवा हाताने ती काढा आणि माती न पलटता पेरणी करा. माती पलटली की खालचे ताजे दाणे वर येतात आणि सगळी मेहनत वाया जाते. रब्बीची घाई असते हे खरे, पण ज्या वाफ्यात गेल्या वर्षी हे तण होते, तिथे एवढे थांबणे फायद्याचे ठरते.

फेकून पेरणी टाळा, ओळीत पेरा. मघाशी सांगितलेली सगळी लक्षणे विसरली तरी ओळीबाहेर उगवलेले रोप पीक नाही, एवढे कुणालाही कळते. ओळीतली राहिलेली रोपे फुलावर येताच, म्हणजे पेऱ्यापाशी पहिल्या छत्र्या दिसताच, उपटावीत. मूळ बारीक असल्याने ओल्या जमिनीतून ती सहज निघतात. फळे हिरवी असली तरी उपटलेली रोपे बांधावर टाकू नका. उपटल्यावरही थोडीफार फळे पिकू शकतात. पोत्यात भरून बाहेर न्या. शेणखताच्या उघड्या ढिगावरही ती नकोत, कारण ढिगाची कड गरम होत नाही आणि तिथले बी जिवंत राहते.

ज्या वाफ्यात प्रादुर्भाव जास्त आहे, तिथे एक-दोन वर्षे गाजरकुळातले पीकच घेऊ नका. कांदा, गहू, मका, हरभरा काहीही चालेल. एवढ्यात जमिनीतले सगळे बी संपेल असे नाही, पण त्या पिकांत हे तण लपू शकत नाही, आणि अर्धे काम तिथेच होते.

बीजोत्पादक आणि ओवा उत्पादकांसाठी

धन्याचा दाणा तीन-पाच मिलिमीटरचा. त्यातून रानअजमोदा चाळणीने निघतो. गाजराच्या बियाण्यात केस घासून काढल्यावर थोडी अडचण येते, तरी योग्य जाळीची चाळणी बराचसा भाग वेगळा करते. ओव्यात मात्र माप जवळजवळ सारखे आणि वजनही जवळपास. चाळणी आणि पंखा दोन्ही हात टेकतात. त्यामुळे ओव्याच्या शेतात फुलोऱ्याच्या वेळी किमान दोन फेऱ्या मारून भेसळ रोपे काढणे, याला पर्याय नाही. सकाळी कोवळ्या तिरप्या उन्हात, सूर्याकडे पाठ करून ओळीतून चाला. ओव्याच्या छत्र्या वरच्या पातळीवर दिसतात, रानअजमोद्याच्या खाली पेऱ्यापाशी. राजस्थान किंवा गुजरातमधून ओव्याचे बियाणे आणत असाल तर मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरून भिंगातून बघा. पुटकुळ्या नसलेला, जाड कडांचा दाणा दिसला तर ती पिशवी पेरणीला वापरू नका.

रोपवाटिकाधारकांनी कुंड्या आणि ट्रे जमिनीला न टेकवता ठेवावेत आणि कुंडीतले हे तण फुलण्याआधी काढावे. ग्राहकाच्या बागेत ते तुमच्या कुंडीतूनच जाते.

जनावरे, दूध आणि चव घेण्याची सवय

ऑस्ट्रेलियातल्या दुग्धव्यवसायात हे तण दुधाला वास आणणारे म्हणून ओळखले जाते. दुभत्या गाईने ते खाल्ले तर तेलातला उग्र वास दुधात उतरतो. आपल्याकडे खुरपणीचे तण थेट गव्हाणीत जाते, म्हणून ही बाब लक्षात ठेवावी. दुधाला विचित्र वास येतो अशी तक्रार संकलन केंद्रावर आली, तर भांड्यांची स्वच्छता तपासा आणि त्या दिवशी कोणते तण टाकले तेही आठवून पाहा. असे वासाचे तण दुभत्या जनावराला देऊच नये. द्यायचेच असेल तर धार काढल्यानंतर लगेच द्या, म्हणजे पुढच्या धारेपर्यंत मधे वेळ जातो.

आता चावून पाहण्याविषयी. गाजरकुळात जशी रोजच्या जेवणातली झाडे आहेत, तशी जगातली अतिविषारी झाडेही आहेत. सॉक्रेटिसला इ.स.पूर्व ३९९ मध्ये देहदंड म्हणून जे विष प्यावे लागले, ते याच कुळातल्या हेमलॉकचे. ते झाड काश्मीरसारख्या हिमालयाच्या भागात आढळते. गुळगुळीत खोडावर जांभळे ठिपके ही त्याची खूण. आपल्या वाफ्यात ते येईल असे नव्हे. पण ‘वास कोथिंबिरीसारखा, म्हणजे खायला हरकत नाही’ हा नियम या कुळाला लागू पडत नाही. सहलीला गेलेल्या मुलांना तर हे आवर्जून सांगा.

कोणते उपटू नये

पावसाळ्यात सह्याद्रीच्या कडेपठारांवर पांढऱ्या मोठ्या छत्र्यांचे एक झाड फुलते. पिंडा कोंकनेन्सिस. तेही गाजरकुळातलेच, पण बहुवर्षायू, जमिनीत कंद असलेले आणि फक्त पश्चिम घाटातले. त्याच्या प्रजातीचे नाव कोकण-सह्याद्रीच्या या मुलखाशी जोडलेले आहे. पठारालगतच्या शेतकऱ्यांनी आणि वनीकरणाचे काम करणाऱ्यांनी त्याला तण समजून काढू नये. छत्री तळहातापेक्षा मोठी, पाने रुंद, काळ पावसाळ्याचा. रानअजमोद्याशी यातले काहीच जुळत नाही.

कधी कधी विचारणा होते, की या कुळाची फुले मित्रकीटकांना आवडतात, मग बांधावर रानअजमोदा राहू द्यावा का? फुले उथळ असल्याने त्यांवर सिरफिड माश्या आणि परोपजीवी गांधीलमाश्या येतात, हे या कुळाबाबत खरे आहे. पण त्यासाठी तण राखायची गरज नाही. बांधावर शेपू, बडीशेप किंवा धन्याच्या दोन ओळी टाका. किडींवर नजर राहील आणि घरात भाजीही होईल.

नमुना पाठवायचा असेल तर

फोटोवरून गाजरकुळातली जात सांगणे अवघड असते, विशेषतः फोटोत फक्त पाने असतील तर. रोप मुळासकट उपटा. त्यावर फुले आणि हिरवी किंवा पिकलेली फळे दोन्ही असू द्या. माती झटकून वर्तमानपत्राच्या घडीत सपाट ठेवा, वर वजन ठेवा आणि दोन-तीन दिवस रोज कागद बदला. कागदाच्या पुडीत सुटे दहा-वीस दाणे वेगळे द्या. चिठ्ठीवर गाव, पीक, पेरणीची तारीख, बियाणे कुठून आणले आणि रोप ओळीत सापडले की ओळीबाहेर, एवढे लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत ओले रोप पाठवू नका. पोचेपर्यंत ते कुजते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या तणशास्त्र विभागात असा नमुना दिला, की ओळख पटायला सोपे जाते.